पक्याच्या वेबसाईटवरचा लाल हापूस

काल टपरीवर जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण मन्या पुढच्या आठवड्यात म्हणणार की मी असं बोललोच नव्हतो.

तर पक्याने वेबसाईट केलीये. पावसजवळ त्यांची बाग, दीडेकशे कलमं, इतकी वर्षं वडील माल वाशीला पाठवायचे आणि दलाल देईल तो भाव घ्यायचे. आता याला डोंबिवली-ठाण्यात डायरेक्ट पेट्या विकायच्यात. कुणाला तरी अठरा हजार देऊन साईट बनवून घेतली आणि काल मोबाईल सगळ्यांकडे फिरवला. दिसायला झकास, वरून पानं हलत हलत खाली येतात, मधोमध भलामोठा आंबा आणि खाली जाड अक्षरात 'अस्सल रत्नागिरी हापूस'.

मन्याकडे मोबाईल गेला तसा त्याने चहा कट्ट्यावर ठेवला. मन्या मूळचा देवगडचा, म्हणजे आधीच वांधे.

"पक्या, हा आंबा कुणाचा?"

"आमचाच की."

"तुमच्या बागेत टॉमी अ‍ॅटकिन्स कधीपासून धरायला लागला रे?"

मी झूम करून बघितलं. हापूसला उन्हाच्या बाजूने खांद्यावर थोडी लाली येते कधीकधी, पण हा अर्धा अंजिरी-लाल, पॉलिश केल्यासारखा. फ्लोरिडातली जात ती, अमेरिकेतल्या दुकानांत ढिगाने मिळते. साईटवाल्याने आंबा म्हणून शोधलं असणार आणि पहिला फोटो उचलला असणार. पक्याचं तोंड बघण्यासारखं झालं. हा माणूस लहानपणापासून गवतात आंबे पिकवायची अढी लावतोय आणि स्वतःच्या साईटवर दुसऱ्याचा आंबा त्याला दिसला नाही!

मन्या सुटलाच मग. "म्हणून सांगतो, आंब्याला वेबसाईट लागत नाही, पेटी उघडली की वास सांगतो. हे सगळे रंगरंगोटीचे धंदे."

शलाका ऐरोलीला एका कंपनीत डिझाईनचं काम करते, ती गप्प कशी बसेल. म्हणाली, वास सांगतो रे, पण पेटी उघडायच्या आधी पैसे पाठवायचे असतात ना, तेव्हा माणूस कशावर भरवसा ठेवणार? मग तिने तो स्टॅनफर्डचा २००२ चा अभ्यास काढला, २,६८४ लोकांना वेबसाईटी दाखवून विचारलं होतं की यातली विश्वासू कुठली आणि का, तर जवळपास ४६ टक्के शेरे नुसत्या दिसण्याबद्दल होते, रंग, अक्षरं, मांडणी. मन्या म्हणाला बघ, लोक मूर्ख आहेत. ती म्हणाली थांब, त्याच्या जोडीने दुसरा अभ्यास झाला होता, त्यात आरोग्य आणि पैशातल्या जाणकारांना साईटी दाखवल्या, ते दिसण्यावर फार गेलेच नाहीत, माहिती कुठून आलीये आणि देणारा कोण ते बघत बसले. "आता तू काय केलंस? जाणकार म्हणून आंबा बघितलास. आणि याने?" म्हणून माझ्याकडे बोट. "याला पानं हलताना आवडली."

खरंय. मोबाईल आधी माझ्याकडेच आला होता आणि मी 'भारी' म्हणून पुढे दिला होता.

आणि मी तोंडघशी पडलेला माणूस आहे, म्हणून जास्त लागलं. गेल्या डिसेंबरात समुद्रकाठचा एक होमस्टे बुक केला होता, साईट इतकी देखणी की बायकोला पण पटली. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, 'फक्त २ रूम शिल्लक, ९ मिनिटं'. साडेसहा हजार ॲडव्हान्स भरला आणि तिथे गेलो तर त्या पत्त्यावर नारळाची वाडी. नंतर साईट रिफ्रेश केली तर घड्याळ परत ९ मिनिटांवर! असली खोटी घाई लावणं २०२३ च्या सरकारी नियमावलीतल्या तेरा डार्क पॅटर्नमध्ये, म्हणजे गिऱ्हाईकाला गंडवायच्या ऑनलाईन युक्त्यांमध्ये, मोडतं, पण हे ज्ञान नंतरचं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० नंबरवर, फोन करायला मी दोन दिवस लावले, तोवर पैसे पुढे सरकले होते.

"पण वर साईटच्या पत्त्याशेजारी ते कुलपाचं चिन्ह होतं ना?" पक्या.

होतं की. शलाका म्हणाली ते कुलूप एवढंच सांगतं की तुझ्या मोबाईलपासून साईटपर्यंत मधे कुणी वाचत नाहीये, पलीकडे चोर बसलाय का साव ते नाही सांगत, आणि त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकटात मिळतं. लोक भलता अर्थ काढतात म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

"म्हणजे चोराची साईट पण चांगली आणि माझी पण चांगली, मग मी करू काय?" पक्या वैतागला.

इथून खरी जुंपली. शलाका म्हणे, जे चोर लिहूच शकत नाही ते लिही. बागेचा फोटो, त्यात तुझे बाबा, हातात आंबे काढायचा झेला. जीआयची, म्हणजे आंबा त्याच भागातला असल्याच्या सरकारी टॅगची, नोंदणी आहे ना तुमची, तो नंबर टाक. पाच डझनाची पेटी घरपोच कितीला ते पहिल्याच पानावर, पैसे भरताना शेवटी डिलिव्हरीचे तीनशे वाढवू नकोस. आणि साक्याबद्दल लिही.

"साका?" पक्या उडालाच. "येडी झालीस? गिऱ्हाईक पळेल!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साका म्हणजे वरून आंबा एकदम देखणा आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबटसर गर. बाहेरून कळत नाही. कोकणातल्या प्रत्येक बागवाल्याला ठाऊक आहे आणि विकताना एकजणही बोलत नाही. शलाकाचं म्हणणं, पहिल्याच पानावर लिही की एखाद्यात साका निघू शकतो, कापलेल्याचा फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत वाढवून देऊ.

आणि मन्या, जो तासभर वेबसाईटला शिव्या घालत होता, तो म्हणाला, "हे वाचलं तर मी पण मागवीन. व्यापारी असं लिहिणार नाही. हे लिहिणारा बागवालाच."

मला पटलं पण अर्धंच. साका म्हणजे काय हे मन्याला माहितीये, पण डोंबिवलीजवळ पलावा टाऊनशिपमध्ये राहणाऱ्या माझ्या ऑफिसमधल्या माणसाला तो शब्दच रोगासारखा वाटेल. मी म्हटलं नीट समजावून लिही, कापलेल्या आंब्याच्या फोटोसकट. पक्या तरी कुरकुरतच होता.

मग मन्याने साईटवरचा नंबर फिरवला, स्पीकरवर. पक्याच्या आईने उचलला.

"पेटी मिळेल का काकी, उद्याच?" मन्याने आवाज बदलून विचारलं.

"उद्या नाय हो. काढलाय, पण अजून अढीत आहे, चार दिवस तरी लागतील. आत्ता दिला तर घरी नेऊन शिव्या घालाल." थोडं थांबून, "आणि एखाद्यात साका निघाला तर सांगा हां, उगाच गप्प बसू नका."

शलाकाने नुसतं पक्याकडे बघितलं. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि टपरीवाल्याला पाच कटिंगचे पैसे दिले, जे तो एरवी कधी देत नाही.