चेहरा दिसावा, एवढीच अपेक्षा

घरच्या संगणकाला वेगळा वेबकॅम जोडावा, ही इच्छा कोणाच्याही मनात आपणहून उत्पन्न होत नाही. ती गरज नेहमी दुसऱ्यांच्या तोंडून कळते. दूरस्थ बैठकीत एका सहकाऱ्याने मला अतिशय सौजन्याने, 'आपल्याकडे वीज गेली आहे का?' असे विचारले, तेव्हा माझ्या डोक्यावर दिवा लख्ख जळत होता. जुना कॅमेरा बदलायचा, पण खिशाला फार तोशीस लागू द्यायची नाही, असे मी ठरवले, आणि तेथून माझ्या वनवासाला सुरुवात झाली.

स्वस्त वेबकॅमच्या खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्याचा अर्थ खालच्या बारीक अक्षरांत फिरवलेला असतो, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले. वर 'फुल एचडी' असा डंका, आणि खाली 'इंटरपोलेशनद्वारे' असा दबका खुलासा. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, अर्थात सुमारे २०.७ लाख ठिपके. कॅमेऱ्याचा संवेदक, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, मात्र १२८० गुणिले ७२०, म्हणजे जेमतेम ९.२ लाख ठिपकेच पाहू शकत असेल, तर उरलेले ठिपके सॉफ्टवेअर आजूबाजूच्या ठिपक्यांकडे चौकशी करून अंदाजाने भरून काढते. याचा सरळ अर्थ असा की, समोरच्याला दिसणारा माझा निम्म्याहून अधिक चेहरा ऐकीव माहितीवर आधारलेला असतो. आपल्याविषयी लोक ऐकीव माहितीवर मत बनवतात याची मला सवय आहे; परंतु त्यासाठी पदरचे पैसे खर्च करण्याची माझी तयारी नव्हती.

खरे पाहता, ठिपक्यांची ही मोजदाद मुळातच गैरलागू आहे, कारण घरातल्या कॅमेऱ्याचे घोडे अडते ते उजेडापाशी. सेकंदाला ३० चित्रे टिपायची म्हटली की प्रत्येक चित्राच्या वाट्याला फार तर एक तीसांश सेकंद येतो, आणि तेवढ्या वेळात त्या चिमुकल्या संवेदकाला जो काय प्रकाश मिळेल त्यावर भागवावे लागते. प्रकाश अपुरा पडला की स्वस्त कॅमेऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर तो प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ घेतो, त्यामुळे चित्रांची संख्या घटते आणि होकारार्थी मान हलवणारा मी आचके दिल्यासारखा दिसतो. नाही तर तो मिळालेला क्षीण संकेतच फुगवतो, आणि मग माझ्या गालांवर रंगीबेरंगी मुंग्या धावू लागतात. संवेदकाचा आकार किती, हे त्या खोक्यांवर कोठेही सापडत नाही. नमुना म्हणून छापलेल्या छायाचित्रातील हसतमुख व्यक्ती मात्र न चुकता मोठ्या खिडकीसमोर बसलेली असते. तेवढा उजेड असता तर माझा जुना कॅमेराही हसतमुख झाला असता.

ऑटोफोकस, म्हणजे समोर येईल त्यावर आपोआप नजर स्थिरावण्याची सोय, हवा की नको, या प्रश्नाने माझी काही रात्रींची झोप उडवली. कागदावर हा गुण मोठा भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात, एका परिचिताच्या घरी पाहिलेला स्वस्त ऑटोफोकस कॅमेरा, बोलणाऱ्याने जरा हातवारे केले की आधी त्याच्या बोटांकडे वळे, मग मागच्या कपाटातील पुस्तके न्याहाळी, आणि अखेर दुसरे काहीच उरले नाही म्हणून नाइलाजाने त्याच्या चेहऱ्याकडे येई. ज्याला लेन्ससमोर कागद धरून दाखवायचे नाहीत, त्याला स्थिर फोकस पुरतो. खुर्चीवर बसलेला माणूस काही जवळ-लांब पळत नसतो.

दृश्यकोनाचा निकाल बायकोने लावला. नव्वद अंशांहून रुंद कोन असलेला कॅमेरा उत्तम, असे मी वाचून दाखवताच तिने खोलीच्या दोन्ही कोपऱ्यांकडे, विशेषतः वाळत घातलेल्या कपड्यांकडे, एक दृष्टी टाकली आणि 'साठ अंश पुरेत' असा निर्णय दिला. त्यावर अपील नव्हते.

भाच्याने फोनवरून एकच अट घातली : 'मामा, यूव्हीसी लिहिलेलं असेल तरच घे.' हा यूएसबी कॅमेऱ्यांचा सर्वमान्य ठराव असून, तो पाळणारा कॅमेरा जोडताच चालू होतो, ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे निराळे सॉफ्टवेअर, शोधत बसावे लागत नाही. वर त्याने हेही ऐकवले की यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट असते आणि फुल एचडीचे कच्चे चित्रण त्याच्या दुपटीहून अधिक जागा मागते. तेव्हा स्वस्त कॅमेरा ते आधी दाबून बारीक करतो, आणि बैठकीचे सॉफ्टवेअर पुढे आणखी दाबते. एवढी दाबादाबी सोसून पलीकडे जो पोहोचतो, त्याला माझेच नाव देतात.

या मनःस्थितीत मला जगातल्या पहिल्या वेबकॅमची कथा वाचायला मिळाली, आणि थोडा धीर आला. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत तो कॉफीच्या भांड्यावर रोखलेला होता, जेणेकरून भांडे रिकामे असताना संशोधकांची फुकट पायपीट होऊ नये. चित्र करडे, १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे. पण भांड्यात कॉफी आहे की नाही, एवढे त्यातून कळत असे. बैठकीतही माझ्याविषयी नेमके एवढेच जाणून घ्यायचे असते : आहे की नाही.

शेवटी मी स्थिर फोकसचा, अस्सल १०८०पी, म्हणजे फुल एचडी, संवेदकाचा आणि वर सरकते झाकण असलेला एक साधा कॅमेरा घेतला, आणि टेबलावरचा दिवा पाठीमागून उचलून समोर आणला. चित्र पुष्कळ सुधारले. त्यातले श्रेय दिव्याचे किती आणि कॅमेऱ्याचे किती, याची चौकशी खर्चाचा विचार करून मी टाळली आहे. मला सर्वांत आवडले ते झाकण. त्यात ना वीज, ना सॉफ्टवेअर, ना अंदाजाने भरलेले ठिपके. खोक्यावर लिहिल्याबरहुकूम पूर्णपणे काम करणारा तेवढा एकच भाग. बैठक लांबू लागली की मी ते हळूच सरकवतो, आणि या अवस्थेत चित्राच्या दर्जाबद्दल अद्याप कोणीही तक्रार केलेली नाही.