कलम ६० मुळे माग वाचत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादर कारखानदारांच्या ग्रुपवर बँकेच्या कर्जाबद्दल एक संदेश फिरतो आहे, तो असा: नजरगहाण (वस्तू आपल्याकडे ठेवून तिच्यावर बँकेचा बोजा, म्हणजे हक्क) म्हणजे नुसता कागद. माग आपल्या ताब्यात असल्यामुळे कोर्टाच्या हुकुमाशिवाय बँकेला हात लावता येत नाही. दिवाणी संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. नजरगहाण माल विकला की थेट तुरुंग. शेवटचा हप्ता भरला की बोजा आपोआप उतरतो. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. त्यावर विसंबून लोक नोटीस कपाटात टाकतात आणि हातातले दिवस घालवतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

‘नुसता कागद’: सोनं तारण ठेवलं की ते बँकेच्या तिजोरीत जातं. नजरगहाणात वस्तू तुमच्याकडेच राहते, बोजा बँकेचा. थकलेली कर्जं वसूल करण्यासाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यात नजरगहाणाची व्याख्याच आहे आणि तीत पुढे येणारी जंगम मालमत्ताही धरली आहे. करारनाम्याला जोडलेली यादी वाचा. मागांचे नंबर दिलेत, की ‘सध्याची व भविष्यातील सर्व यंत्रसामग्री’ असं लिहिलंय? दुसरं असेल तर नंतर पदरच्या पैशाने बसवलेलं जेकॉर्डही (नक्षी विणायचं यंत्र) बोजाखाली आलं.

‘कोर्टाशिवाय हात लावता येत नाही’: सरफेसी कायदा कोर्टात न जाता ताबा घेता यावा यासाठीच आहे. सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये स्पष्ट केलं. पतसंस्था मात्र बँक नाही; ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते.

पण बँकेला पायऱ्या चुकवता येत नाहीत, आणि तुमचं खरं संरक्षण त्या पायऱ्यांतच आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत. मग सरफेसीच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. तिला लेखी हरकत घ्या: व्याजाचा हिशेब, न धरलेला भरणा, चुकीचा मशीन नंबर, तारखांसह. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताबा घेताना दोन साक्षीदारांसमोर पंचनामा आणि यादी हवी. यादीत माग, भीम (ताण्याचा रूळ), मोटार वेगवेगळे मोजले आहेत का हे तिथेच पाहा. ‘यंत्रमाग ८ नग’ एवढ्यावर सही करू नका. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात, आणि विक्रीआधी ३० दिवसांची वेगळी नोटीस लागते. कर्ज १ लाखापर्यंतचं असेल किंवा मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी येणं उरलं असेल तर बँकेला सरफेसीचा मार्ग बंद आहे. मात्र कर्ज तरीही उभंच राहतं, बँक दिवाणी दावा लावू शकते.

दांडगाई करून वस्तू उचलणं कुणालाच माफ नाही. प्रकाश कौर प्रकरणात २००७ साली सुप्रीम कोर्टाने ते बजावलं आहे.

‘कलम ६०’: सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं, कारण तो अर्धा खरा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कारागिराच्या अवजारांना जप्तीतून सूट आहे. सूतवाल्याने साध्या उधारीचा कोर्टाकडून हुकूमनामा मिळवला तर ती कामाला येते. सरफेसीच्या कलम ३१(जी) नेही अशा वस्तू वगळल्या आहेत, पण कंसात अपवाद घालून: ज्या वस्तूवर त्याच कर्जाचा खास बोजा आहे, ती सोडून. माग दाखवूनच कर्ज घेतलं असेल तर कलम ६० तिथे उभं राहत नाही.

‘माल विकला की तुरुंग’: टॉवेल विकण्यासाठीच विणतात. खेळत्या भांडवलाचा बोजा फिरत्या मालावर असतो. नेहमीच्या व्यवहारातली विक्री १३(२) च्या नोटिशीनंतरही चालते. डंकन्स अ‍ॅग्रो प्रकरणात १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा माल विकणं म्हणजे फौजदारी विश्वासघात नव्हे. खरा धोका खोट्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे बँकेला द्यायच्या मालाच्या तक्त्यात आहे. गोदामात ८ लाखांचा माल, त्यात ३ लाखांचं सूत उधारीचं, तर धरायचे ५ लाख; २५ टक्के मार्जिन (आपण घालायचा हिस्सा) वजा जाता उचल ३ लाख ७५ हजारांची. उधारी लपवून ८ लाखांवर उचल घेतली तर फसवणुकीचा गुन्हा लागू शकतो. आणि नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय माग विकणं हा ‘नेहमीचा व्यवहार’ नाही.

‘बोजा आपोआप उतरतो’: नाही. मागाच्या कर्जात ना-देय दाखला घ्या आणि सरसाईतली (तारणांच्या बोजांची केंद्रीय नोंदवही) नोंद उतरली का ते शोधून पाहा. जुना माग विकत घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी हाच शोध घ्यावा. टेम्पोला बँकेच्या सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ चे (बोजा उतरवण्याचा अर्ज) दोन संच आरटीओत द्यावे लागतात, तेव्हा कुठे आरसीवरची नोंद जाते. वैयक्तिक कर्ज असेल तर १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ३० दिवसांत कागद परत करून बोजा उतरवायचा आहे. बँकेमुळे उशीर झाला तर रोजचे ५ हजार रुपये भरपाई. धंद्याच्या कर्जाला ही भरपाई नाही, तिथे मागे लागावं लागतं. विमा पॉलिसीवरचं बँकेचं नावही त्याच फेरीत काढून घ्या.