पैसे दिले म्हणून तिचा नकार विकत मिळत नाही

सकाळपासून एक क्लिप फिरतेय. लॉजवर छापा, ओढणीत तोंड लपवणाऱ्या चार बायका, त्यांच्या तोंडावर मोबाइलचा टॉर्च आणि खाली मथळा, 'महिलांची सुटका'. त्याखाली एरवी शहाण्यासुरत्या माणसाने लिहिलंय, "पैसे घेऊन झोपणाऱ्या बाईवर बलात्कार होऊच कसा शकतो?" आणि त्यावर ढिगाने हसरे चेहरे. तिथे वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण वाचा.

होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमती म्हणजे काय ते लिहिलेलं आहे: स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार, शब्दांनी असो वा खुणेने, आणि तोही त्या विशिष्ट कृतीपुरता. गिऱ्हाइकाला होकार दिला म्हणजे त्याच्यासोबत आलेल्या मित्राला दिला असं होत नाही. कंडोम लावायचं ठरलं असेल तर न लावता करायला होकार नाही. अर्ध्यात 'बास' म्हटलं की तिथे होकार संपला. आणि तिने हातपाय झाडले नाहीत एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. धंदा करणाऱ्या बाईसाठी वेगळी व्याख्या कुठेही नाही. पूर्वी पुरावा कायद्यात फिर्यादी बाईच्या चारित्र्यावर चिखल उडवायची सोय होती, ती २००३ मध्ये काढून टाकली. त्याच्याही आधी, १९९० साली, महाराष्ट्रातल्याच एका पोलीस निरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की बाईचं चारित्र्य कसंही असो, तिच्या मर्जीविरुद्ध तिला हात लावायचा अधिकार कुणाला मिळत नाही. एवढ्या वर्षांनंतरही आपण हसरे चेहरे टाकतोय.

एक मान्य करते. मधेच कंडोम काढला किंवा ठरलेले पैसे बुडवले तर तो बलात्कार का, यावर आपल्या कायद्यात थेट शब्द नाहीत. न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे असं आहे, त्याचा आधार घेऊन भांडावं लागतं. न्यूझीलंडने २००३ च्या कायद्यात, कलम १७ मध्ये, साफ लिहून टाकलं: करार झाला असला तरी बाई कुठल्याही क्षणी नकार देऊ शकते, आणि करार केला म्हणजे फौजदारी कायद्यापुरती संमती दिली असं होत नाही. पैशाचा वाद असेल तर तो पैशाचा वाद म्हणून वेगळा.

आता दुसरी बाजू, जिच्यावर टाळ्या वाजतात. सुटका.

सप्टेंबर २०१९ मध्ये मालाडच्या एका गेस्ट हाउसमधून तीन बायकांची 'सुटका' झाली. वयं २०, २२ आणि २३. बनावट ग्राहक पाठवून छापा, नेहमीची पद्धत. पिटाखाली, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, त्यांना दंडाधिकाऱ्यांसमोर नेलं. आरोपी त्या नव्हत्याच, कागदावर त्या पीडित. प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल आला की मुली बेडिया समाजाच्या आहेत, तिथे मुलींना धंद्याला लावायची प्रथा आहे, म्हणून आईबापांकडे देणं धोक्याचं. झालं. तिघींना एक वर्ष वसतिगृहात ठेवायचा आणि पुढे प्रशिक्षणासाठी उत्तर प्रदेशातल्या संस्थेत पाठवायचा आदेश. सत्र न्यायालयाने अपील फेटाळलं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही आदेश रद्द केले. वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा ठरवणारी तरतूद कायद्यात नाही, मुली सज्ञान आहेत, त्यांना कोंडण्याआधी त्यांची इच्छा विचारायला हवी होती, असं त्यांनी म्हटलं.

विचारायला हवी होती! सज्ञान बाईला विचारण्यासाठी उच्च न्यायालय लागलं.

माझा सगळा राग इथे आहे. पोलीस ठाण्यात बलात्काराची तक्रार द्यायला गेली की हिचा नकार खोटा. छाप्यानंतर 'मी माझ्या मर्जीने आहे' म्हणाली की हिचा होकार खोटा. मग या बाईचं खरं काय धरायचं?

हो, फसवून आणलेल्या मुली आहेत, कर्जात अडकवून घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे, बांधलेल्या आहेत, ते कुणी नाकारत नाही. १८ वर्षांखालच्या मुलीची संमती कायद्याला चालत नाही, चालूही नये. मानवी तस्करीत पीडितेची संमती गैरलागू, तेही बरोबर. ज्यांना बाहेर पडायचंय त्यांच्यासाठी पिटाच्याच कलम १९ मध्ये दार आहे, बाई स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षणाचा अर्ज करू शकते. पण मालाडच्या त्या तिघींना याच चौकटीत कोंबलं, आणि अहवालात त्यांच्या म्हणण्याच्या जागी त्यांची जात बोलली.

भुकेपोटी दिलेला होकार खरा का, असं विचाराल. प्रश्न अवघड आहे. पण मग नाइलाजाने केलेल्या प्रत्येक कामाला तो विचारा, फक्त हिलाच नको.

कायदा तिला नकार द्यायला किती जागा ठेवतो तेही बघा. दोघीजणी एका खोलीत आपापल्या फायद्यासाठी धंदा करत असतील तर पिटाच्या व्याख्येनुसार ते कुंटणखाना. म्हणजे शेजारच्या खोलीत मैत्रीण असावी, ओरडलं तर कुणी यावं, एवढी काळजी घेतली की गुन्हा. कलम ४ नुसार १८ वर्षांवरचं कुणीही तिच्या कमाईवर जगलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. कॉलेजातला मुलगा आणि म्हातारी आईसुद्धा यात येतात. कलम ८ मध्ये खिडकीत, गॅलरीत उभं राहून गिऱ्हाईक बोलावलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपये दंड, आणि हाच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाइकाला निरखायला, दारू प्यायलाय का, एकटाच आहे का, हे बघायला वेळ लागतो. पोलिसांच्या भीतीने तो वेळ गेला की ती न बघता गाडीत बसते. नको असलेल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची संधी तिथेच गेली.

मे २०२२ मध्ये धंदा करणाऱ्या बायकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तेव्हा आपण सगळ्यांनी शेअर केला, 'आता पोलीस हात लावू शकत नाहीत' म्हणून. तसं झालेलं नाही. न्यायालयानेच नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशींपैकी सहा लागू करायचे आदेश राज्यांना दिले गेले. सज्ञान बाई मर्जीने असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये आणि छाप्यात तिला अटक करू नये, या दोन्ही केंद्राच्या हरकतीमुळे बाहेर राहिल्या. लागू झालेल्या मात्र कामाच्या आहेत: अत्याचार झाल्यास लगेच वैद्यकीय मदत, कंडोम सापडला तर तो पुरावा धरायचा नाही, मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवलेल्या सज्ञान बायकांचा आढावा घेऊन सोडायचं, आणि छाप्यात ओळख उघड होईल असे फोटो छापायचे नाहीत. ती क्लिप पुढे ढकलणाऱ्यांनो, शेवटचं पुन्हा वाचा.

ज्यांचा या बायकांशी संबंध येतो त्यांच्यासाठी थोडं. छाप्यात किमान दोन महिला पोलीस हव्यात, वस्तीतले दोन पंच हवेत आणि त्यात एक बाई. वयाचा कागद जवळ नसेल तर वैद्यकीय तपासणीवर सगळं जातं आणि तिथे दिवस फुकट जातात, म्हणून आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांच्या प्रती बाहेर कुणाकडे तरी ठेवायला सांगा. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ताबा तीन आठवड्यांच्या वर चालत नाही. 'मी सज्ञान आहे, मला संस्थेत राहायचं नाही' हे वाक्य तोंडी सोडू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मालाडच्या तिघींच्या निकालात हाच मुद्दा कामी आला.

आणि जबरदस्ती झाली असेल तर आंघोळीआधी दवाखाना. कपडे प्लास्टिकमध्ये नको, कागदाच्या पिशवीत. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये म्हणून गोळीही तेव्हाच मागायची. खासगी रुग्णालयालासुद्धा मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत, नाकारले तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात नोंद, मागायचा. ठाणे अंमलदार 'तुझा धंदाच तो' म्हणाला तर न्याय संहितेच्याच कलम १९९ चं नाव घ्यायचं: अशी तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला किमान सहा महिने कैद आहे. सोबत कुणीतरी जा. एकटीला परत पाठवतात, दुसरं माणूस कागद-पेन घेऊन शेजारी बसलं की लिहून घेतात.