प्रिंटर घेताना आधी त्याची पाठ बघा

काल कोर्टातल्या एका ज्युनिअर वकिलांनी विचारलं, "ताई, स्वतःचं ऑफिस सुरू करतोय. प्रिंटर कोणता घेऊ? स्वस्तात वायफायवाला मिळतोय." त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, पण बरंच मनात राहिलं. म्हणून इथे लिहिते.

रत्नागिरीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं ऑफिस आहे. २०१२ च्या जूनमध्ये काळ्या छपाईचा लेझर प्रिंटर घेतला, नेटवर्कचा, म्हणजे मागे लॅनचा पोर्ट (ऑफिसच्या नेटवर्कची केबल लावायची खाच) असलेला. नुसत्या यूएसबीच्या मॉडेलपेक्षा तो साडेचार हजारांनी महाग होता आणि घरात त्यावरून दोन दिवस बोलणं चाललं. परवा त्याचं कॉन्फिगरेशन पान (प्रिंटर स्वतःचीच माहिती छापतो ते) काढलं, आजवर छापलेली पानं : २,१४,३०७ पानं. वकालतनामे, दावे, कैफियती, चेक न वटल्याच्या कलम १३८ च्या नोटिसा, प्रतिज्ञापत्रं. एवढ्या वर्षांत बदललं ते दोनदा पिकअप रोलर (कागद ओढणारा), एकदा सेपरेशन पॅड (पानं सुटी करणारं), एकदा फ्यूजरची, म्हणजे छपाई तापवून पक्की करणाऱ्या भागाची, फिल्म. बाकी टोनरचं रिफिल आणि दर तीन-चार रिफिलनंतर नवा ड्रम.

लेझरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक भुकटी. लेझर ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, अक्षरं उमटवतो, तिथे ही भुकटी विजेच्या भाराने चिकटते, कागदावर उतरते आणि फ्यूजरमध्ये २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून बसते. सुकण्यासारखं काही नाही. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की मी प्रिंटर झाकून ठेवते आणि जूनमध्ये पहिलंच पान काळंभोर येतं. इंकजेट एवढा पडून राहिला तर नोझल सुकते.

आमच्याकडचा खरा शत्रू पाऊस. जुलैत उघडी रीम दोन दिवस बाहेर राहिली की कागद ओल धरतो, फ्यूजरमधून निघताना गुंडाळतो, दोन-दोन पानं एकत्र ओढली जातात, अक्षरं फिकी येतात. लोक प्रिंटरला नावं ठेवतात आणि मेकॅनिकला फोन लावतात. मी रीम पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवते आणि ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच कागद भरते. पेपर जाम निम्म्याहून कमी झाले. आणि कृपा करून लेझर प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. फ्यूजर तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की इन्व्हर्टर बसतो.

पानावर ठराविक अंतराने तोच ठिपका येत असेल तर पट्टीने मोजा. ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा एक फेरा साधारण साडेसात सेंटिमीटरचा. ठिपकेही तेवढ्याच अंतरावर असले तर खोट ड्रमची. हे मला आमच्या रिफिलवाल्या दादांनी शिकवलं. तेव्हापासून उगाच मशीन उघडायला लावलेलं नाही.

आता पाठीमागच्या त्या पोर्टबद्दल. लेझर प्रिंटर नेटवर्कवर असावा ही कल्पना जुनी आहे. ॲपलने १९८५ मध्ये लेझररायटर आणला तो जवळपास ७,००० डॉलरला. एका माणसासाठी एवढं महागाचं यंत्र कोण घेणार? म्हणून तो पहिल्यापासूनच अनेक संगणकांनी वाटून वापरायचा होता. आपल्याकडे मात्र यूएसबीचा प्रिंटर एका संगणकाला जोडायचा आणि तो विंडोजमधून बाकीच्यांना शेअर करायचा, ही रीत पडली. तो एक संगणक बंद असला की सगळं ऑफिस अडलं. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागातली) प्रिंटनाइटमेअर नावाची गंभीर खोट उघड झाली. तिच्यामागोमाग सुरक्षेचे अपडेट आले आणि जगभर असे शेअर केलेले प्रिंटर एरर देऊ लागले. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यांत काहीच अडलं नाही, कारण आमचा प्रिंटर कोणत्याच संगणकाच्या आधाराने उभा नव्हता. तो थेट राउटरला जोडलेला.

एक काम तेवढं करावं लागतं. राउटरमध्ये प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखून ठेवायचा आणि संगणकावर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये त्याच पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून छापायची जोडणी, बनवायचा. दहा मिनिटांचं काम. "प्रिंटर ऑफलाइन" म्हणून जो छळ होतो, त्यातला बराचसा पत्ता बदलल्यामुळे असतो. वायफाय असलं तर असू दे, पण रोजचं काम केबलवर ठेवा. आणि राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला प्रिंटरची वाट उघडून देऊ नका, तोही एक संगणकच आहे.

माझं ठाम मत असं की लेझर प्रिंटर सहसा यंत्र म्हणून मरत नाही, ड्रायव्हरअभावी, म्हणजे संगणकाला त्याच्याशी बोलायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरअभावी, मरतो. स्वस्त मॉडेलमध्ये पान तयार करायचं काम संगणक करतो आणि त्यासाठी त्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. विंडोजची नवी आवृत्ती आली, कंपनीने ड्रायव्हर दिला नाही, की धडधाकट यंत्र भंगारात. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगायच्या भाषा) समजणाऱ्या प्रिंटरला साधा सर्वसामान्य ड्रायव्हरही चालतो. माझा प्रिंटर विंडोज ७ वर सुरू झाला, आज ११ वर छापतोय. आज नवा घेणाऱ्याने आयपीपी, एअरप्रिंट (कंपनीच्या वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापायच्या पद्धती) आहे का तेही बघावं. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय की कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे पडणार.

राग येतो तो एकाच गोष्टीचा. माझ्या मावसभावाने घेतलेल्या नव्या प्रिंटरने एका अपडेटनंतर रिफिल केलेलं कार्ट्रिज घ्यायचंच नाकारलं. पैसे देऊन घेतलेली वस्तू, भुकटी कोणाची घालायची हे कंपनी ठरवणार? गल्लीतल्या रिफिलवाल्याच्या पोटावर पाय आणि वर प्लॅस्टिकचा कचरा. दुकानदाराला हे आधी विचारा, आणि बिल करण्यापूर्वी विचारा.

आता माझी गरज. या मॉडेलचे सुटे भाग कंपनीने बंद केलेत. दोन रोलर आणि एक फिल्म मी आणून कपाटात ठेवली आहे, पण फ्यूजरकडचं प्लॅस्टिकचं गिअर झिजलंय आणि सुरू करताना टकटक आवाज येतो. रत्नागिरी, चिपळूण, कोल्हापूर भागात कोणाकडे २०१०-१२ च्या सुमाराचा नेटवर्कचा लेझर प्रिंटर बंद पडून असेल तर भंगारात देण्याआधी मागच्या स्टिकरचा फोटो मेसेजमध्ये पाठवा. मॉडेल जुळलं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, योग्य पैसे देऊन.