धूर थांबेपर्यंत नीडल आवळण्याचा सल्ला इंजिन मारतो

नायट्रो इंजिनाच्या रिमोट गाड्या चालवणाऱ्या पुण्यातील मंडळींच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतो आहे: इंजिन शक्य तितके मोठे घ्या, इंधनातील नायट्रोचे (नायट्रोमिथेनचे) प्रमाण जास्तीत जास्त ठेवा, धूर म्हणजे वाया जाणारे इंधन असल्यामुळे तो थांबेपर्यंत मुख्य नीडल (कार्ब्युरेटरमधला, इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) आवळा आणि इंजिनाचे तापमान मोजणाऱ्या टेम्परेचर गनवर 110 अंश दिसले की ट्यूनिंग झाले असे समजा. माझ्या भाच्याने हा सल्ला प्रमाण मानून 3.5 सीसीचे चांगले इंजिन गमावले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

धुराचा मुद्दा सर्वांत घातक आहे. या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळी ऑइलची टाकी नसते. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनमध्ये मिसळलेले तेलच कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण पुरवते आणि दिसणारा धूर मुख्यतः त्याच तेलाचा असतो. नीडल आवळली की इंधनाबरोबर तेलही घटते, शिवाय मिथेनॉलच्या बाष्पीभवनाने मिळणारा गारवाही कमी होतो, म्हणजे उष्णता वाढते नेमके तेव्हाच वंगण आटते. निकामी होण्यापूर्वी गाडी काही काळ अधिक जोरात पळते, आणि तिथेच माणूस फसतो. भाच्याचे इंजिन उघडले तेव्हा पिस्टनच्या कडेवर उभे ओरखडे होते, इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगची तार पांढुरकी पडून वाकली होती आणि फ्लायव्हील हाताने फिरवल्यावर पिस्टन वरच्या टोकाला जसा घट्ट बसायला हवा तसा बसतच नव्हता. वर निमुळत्या होत जाणाऱ्या स्लीव्हमुळे (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीमुळे) येणारा हा घट्टपणा गेला की कॉम्प्रेशन गेले, आणि मग पिस्टन व स्लीव्ह जोडीनेच बदलावे लागतात.

फार रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त इंधन घेणारे, इंजिन धूर ओकते, अडखळते आणि प्लग खराब करते, एवढे मान्य करायला हवे. पण त्यावरचा उपाय एका वेळी एक-अष्टमांश फेरा आवळून ट्रॅकवर पाहणे हा आहे. पूर्ण वेगातही धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे.

नायट्रोने ताकद वाढते हेही खरे, पण अर्धेच. एक किलो मिथेनॉल जळायला सुमारे साडेसहा किलो हवा लागते, तर नायट्रोमिथेनला 1.7 किलो पुरते; म्हणून नायट्रो वाढवल्यावर नीडल उघडावी लागते. संदेशातील दोन सल्ले एकत्र पाळले की इंजिन दुप्पट वेगाने मरते. युरोपीय संघाच्या 2019 च्या 1148 क्रमांकाच्या नियमाने तेथील सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय वजनाने 16 टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले इंधन मिळत नाही, आणि तरीही तिथे जोमाने शर्यती होतात.

मोठ्या इंजिनाविषयी एवढेच, की आंतरराष्ट्रीय नियमांत 1:8 (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराच्या) ऑफ-रोड बगीची मर्यादा 3.5 सीसी आहे. त्याहून मोठे इंजिन लावलेली गाडी तपासणीतच बाद होईल.

राहिला 110 अंशांचा आकडा. पुण्यात डिसेंबरच्या सकाळची थंड हवा घन असते, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी जमलेली नीडल तेव्हा लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधन देणारी, ठरते आणि थोडी उघडावी लागते. दोन्ही वेळी एकच आकडा धरून बसणे चुकीचे आहे. गनचे माप ताडून पाहण्यापुरते ठेवावे आणि इंजिन पुरते तापल्यावर, आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) असताना, कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबावी: आवाज किंचित चढून तीन-चार सेकंदांत इंजिन बंद पडले तर लो-स्पीड नीडल (कमी वेगात इंधन ठरवणारा दुसरा स्क्रू) ठीक आहे, लगेच बंद पडले तर ती उघडावी.