सागाच्या फळीवरील पांढऱ्या पट्ट्याविषयी खुलासा

सागाच्या फळीच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर ते भेसळीचे लाकूड समजावे, कारण अस्सल सागाला कोठेही वाळवी लागत नाही, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

तो पांढरट पट्टा त्याच सागाचे रसकाष्ठ असते. झाड उभे असताना मुळांनी शोषलेले पाणी याच बाहेरच्या थरातून पानांपर्यंत चढते आणि त्यातील काही पेशी जिवंत राहून पिष्ट साठवतात. खोड जाड होत जाते तसा आतला जुना थर पाणी वाहण्याचे काम सोडतो, त्याच्या पेशी मरतात, नलिका बुजतात आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये साचून तो सोनेरी तपकिरी होतो. हेच मध्यकाष्ठ, म्हणजे आपण ज्याला गाभा म्हणतो तो भाग. वाळवीला रोखण्याची सागाची ख्याती मुख्यतः या द्रव्यांमुळे, म्हणून ती गाभ्यापुरतीच खरी आहे. पिष्ट असलेल्या रसकाष्ठाला मात्र वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. कमी वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात गाभा थोडा आणि पांढरा भाग जास्त निघतो, त्यामुळे ग्राहकाची शंका समजण्यासारखी आहे; पण ती भेसळीची नव्हे, प्रतीची बाब आहे.

चौकटीचा जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकणारा भाग गाभ्याचाच घ्यावा. पांढरा भाग वापरायचाच असेल तर त्याला आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करून घ्यावी; गाभ्यापेक्षा तो हे द्रावण सहज शोषतो.