‘एकही बास मारू नका’ हा सल्ला लहान तळ्यातल्या माशांना उपाशी ठेवतो

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत अलाबामा राज्यात घर घेतले. घरामागे साधारण एक एकराचे तळे आहे आणि त्यात लार्जमाउथ बास हा शिकारी मासा व त्याचे खाद्य असलेला ब्लूगिल हे दोन मासे आहेत. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले, तेव्हा गळाला लागलेला एक बास त्याने माझ्या हातात दिला. लांबी १२ इंच, वजन २९० ग्रॅम. धडाच्या मानाने डोके मोठे दिसत होते, पोट आत ओढले गेले होते आणि पाठीवरचे मांस इतके ओसरले होते की बोट फिरवताच कणा जाणवत होता. या लांबीच्या धडधाकट बासचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. ‘‘मावशी, दोन वर्षांत मी एकही मासा मारला नाही, उलट बाहेरून आणून सोडले, तरी एकही मोठा का होत नाही?’’ असे त्याने विचारले आणि ज्या संदेशावर विसंबून त्याने हे सगळे केले तो दाखवला. तोच संदेश त्या आठवड्यात मला आणखी दोन ओळखीच्या माणसांकडून आला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशात मोठे बास मिळवण्याचे पाच नियम आहेत. पकडलेला प्रत्येक बास परत सोडा. बास कमी वाटले तर आणखी आणून सोडा. ब्लूगिल बासची अंडी खातात, म्हणून ते काढून टाका. बासला खाद्य म्हणून क्रॅपी हा आणखी एक मासा सोडा. आणि रोज खाद्याच्या गोळ्या टाका, म्हणजे वर्षभरात बास दुप्पट होतील.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या नियमाने होते, आणि तो दयेच्या भाषेत लिहिलेला असल्यामुळे लोकांना पटतोही लवकर. लहान तळ्यात किती मांस पोसले जाईल हे तिथले पाणी, त्याची सुपीकता आणि त्यावर वाढणारे सूक्ष्म जीव ठरवतात. समजा, एखादे तळे एकूण ५० पौंड बास पोसू शकते. ते वजन एकेका पौंडाच्या ५० माशांत वाटले जाईल किंवा पाच-पाच पौंडांच्या १० माशांत. आपण एकही मासा काढला नाही आणि दर वसंतात नवी पिल्ले येत राहिली, तर वाटेकरी वाढतात आणि प्रत्येकाचा वाटा घटतो. मग १० ते १३ इंचांच्या टप्प्यावर सगळी पिढी अडकते. असा मासा वयाने पाच-सहा वर्षांचाही असू शकतो. त्याला लहान समजून सोडून देणारा माणूस त्याच्या उपासमारीत एका वर्षाची भर घालत असतो.

अडकण्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. बास आपल्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश लांबीचा ब्लूगिल गिळू शकतो. म्हणजे १२ इंचांच्या बासला चार इंचांपर्यंतचा ब्लूगिल चालतो आणि मोठ्या मादीला पोट भरण्यासाठी पाच-सहा इंचांचा लागतो. तळ्यात १२ इंचांच्या बासची गर्दी झाली, की चार इंचांखालच्या ब्लूगिलचा फडशा पडतो. जे ब्लूगिल पुढे वाढून सहा इंचांचे झाले असते, ते बोटाएवढ्या पिल्लाच्या अवस्थेतच संपतात. थोडे ब्लूगिल त्यातून निसटतात. त्यांना स्पर्धा उरत नसल्यामुळे ते झपाट्याने वाढतात आणि बघता बघता मधल्या बासच्या तोंडात न मावण्याइतके मोठे होतात. म्हणून अशा तळ्यात तळहाताएवढे देखणे ब्लूगिल आणि हाडे निघालेले बास एकत्र दिसतात. भाच्याच्या तळ्यात आम्ही काठाने बारीक जाळे ओढले, तेव्हा नेमके हेच दिसले: यंदाची इवली पिल्ले थोडी होती, आठ इंचांचे दोन ब्लूगिल आले आणि मधल्या आकाराचे जवळजवळ काहीच मिळाले नाही.

हे माझे एकटीचे निरीक्षण नाही. मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून याच राज्यात, ऑबर्न येथे, तळी रिकामी करून प्रत्येक मासा मोजण्याचे आणि तोलण्याचे काम केले आणि १९५० मध्ये संतुलित व असंतुलित तळ्यांविषयीचा आपला विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. तळ्यातल्या खाद्यमाशांचे एकूण वजन शिकारी माशांच्या एकूण वजनाच्या किती पट आहे, हे त्यांनी तळ्यागणिक काढले. तीन ते सहा पट हे प्रमाण त्यांना सर्वांत चांगले आढळले. वर्षानुवर्षे पकडण्याजोगे मासे देत राहील ते तळे संतुलित, असा त्यांचा निकष होता. म्हणजे मासे काढणे हा त्यांच्या लेखी संतुलनाचाच भाग होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तळेमालकांना आजही जो सल्ला दिला जातो, त्याची बैठक याच कामात आहे: खत दिलेल्या सुपीक तळ्यातून एकरी दरवर्षी साधारण २० ते ३० पौंड, आणि खत न दिलेल्या तळ्यातून त्याच्या निम्म्याने, बास काढावेत. ज्यांना थोडे पण मोठे बास हवे आहेत, त्यांनी ही काढणी १४ इंचांखालच्या माशांतून करायची आणि त्यावरचे मासे सोडून द्यायचे.

संदेशातल्या पहिल्या नियमात अर्धे सत्य आहे, तेही मान्य करते. मोठ्या सार्वजनिक जलाशयांवर शेकडो गळ पडतात आणि तिथे पकडलेला मासा जिवंत सोडण्याची प्रथा उपकारकच ठरली. बास पकडण्याच्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये त्या स्पर्धांत ती रुजवली. लहान तळ्यातही ब्लूगिलची बेसुमार गर्दी होऊन ते तीन-चार इंचांवर खुंटले असतील आणि बासच विरळ असतील, तर काही काळ एकही बास काढू नये हेच बरोबर. पण तळे कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहता एकच औषध सर्वांना देणे, आणि तेही ‘कधीच नाही’ अशा ठाम शब्दांत, हे बेजबाबदारपणाचे आहे.

दुसरा नियम पहिल्याचेच दुखणे वाढवतो. जिथे खाणारी तोंडे जास्त झाली आहेत, तिथे आणखी तोंडे आणून सोडल्याने काय साधणार? शिवाय भाच्याने जवळच्या तलावातून बादलीतून बास आणले होते. अशा माशांबरोबर रोग आणि परजीवी येतात आणि एका पाण्यातले जिवंत मासे दुसऱ्या पाण्यात नेण्यावर अमेरिकेच्या अनेक राज्यांत कायद्याने बंधने आहेत. संदेशात याचा उल्लेखही नाही.

ब्लूगिल बासच्या घरट्यावर धाड घालून अंडी खातात, हे खरे आहे. पण नर बास घरट्याची राखण करतो, आणि एका मादीची अंडी हजारोंनी असतात. त्यांतली बरीचशी गेली तरी तळ्याला पिल्लांची टंचाई पडत नाही. उलट ब्लूगिल काढले, तर बास खाणार काय? एक पौंड बास वाढायला ढोबळमानाने १० पौंड खाद्यमासे लागतात. बासची वीण वसंतात एकदाच होते, तर ब्लूगिल पाणी तापल्यापासून उन्हाळाभर पुन्हा पुन्हा अंडी घालतो, म्हणून प्रत्येक आकाराच्या बासला तोंडात मावेल असे पिल्लू महिनोन् महिने मिळत राहते. ही जोडी निवडण्यामागचे कारणच हे आहे. ज्याने हा तिसरा नियम लिहिला, त्याने शेतातले उभे पीक उपटून गुरे धष्टपुष्ट करायला सांगितले आहे.

क्रॅपीविषयी थोडक्यात सांगते. लहान तळ्यात तो नकोच. तो लवकर वितो, एखाद्या वर्षी त्याची पिल्ले बेसुमार होतात, ती बासच्या पिल्लांचे अन्न पळवतात आणि मोठा क्रॅपी बासची पिल्लेही खातो.

खाद्याच्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण संदेशात म्हटला आहे तसा नाही. तळ्यात वाढलेला बास हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो आणि गोळ्यांकडे सहसा वळत नाही. संगोपन केंद्रात लहानपणापासून सवय लावलेले बास तेवढे त्या खातात. गोळ्या ब्लूगिल खातात, त्यांची वाढ आणि वीण सुधारते आणि तो फायदा पुढे बासपर्यंत पोहोचतो. बासची गर्दी तशीच ठेवून गोळ्या टाकल्या, तर मोठे ब्लूगिल आणखी मोठे होतात आणि मधल्या बासच्या तोंडात मावेल असे काही वाढत नाही. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि उन्हाळ्याच्या ढगाळ, वारा पडलेल्या दिवसांत पाण्यातला प्राणवायू घटला, की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. हे दृश्य मी माझ्या तळ्यावर एकदा पाहिले आहे आणि त्या दिवशी सर्वांत आधी मोठे मासे गेले.

भाच्याला हे पटायला वेळ लागला, कारण मासा काढणे त्याला क्रूर वाटत होते. मी त्याला तो २९० ग्रॅमचा बास पुन्हा हातात धरायला सांगितले. वर्षानुवर्षे असे अर्धपोटी जगणे ज्याच्या नशिबी आपल्या निर्णयामुळे आले, त्याच्याकडे पाहून आपण दयाळू आहोत असे म्हणता येत नाही. त्याच दिवशी आम्ही एक वही केली. प्रत्येक बासची लांबी, वजन आणि तारीख लिहायची. १३ इंचांपर्यंतचा मासा ठेवायचा आणि खायचा. १५ इंचांवरचा ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात सोडायचा, कारण खूप मोठे होणारे बास बहुधा माद्याच असतात आणि एकदा गेलेल्या मोठ्या मादीची जागा भरायला वर्षे लागतात. पहिल्या चार दिवसांत ११ मासे काढले, त्यांतला एकही पौंडभर भरला नाही. तळे खत न दिलेले आहे, त्यामुळे या वर्षाचा वाटा १२ ते १५ पौंडांचा धरला आहे. पुढच्या जूनमध्ये पुन्हा काठाने जाळे ओढायचे आणि तीन ते पाच इंचांचे ब्लूगिल त्यात दिसतात का, ते पाहायचे. ते दिसले नाहीत तर काढणी तशीच चालू राहील.